केदारकंठ्याच्या बर्फात जाण्याआधी: मुंबईकरांची बांधाबांध

जानेवारीतला उत्तराखंडमधल्या केदारकंठा शिखराचा ट्रेक ठरला असेल, ग्रुपवर ‘मी येतोय’चे मेसेज धडाधड पडले असतील आणि त्यातले निम्मे लोक खरोखरच येणार असतील, तर आता सामानाकडे वळायला हरकत नाही. कोण येणार हे तिकिटाचे पैसे जमा झाल्यावरच धरायचं. त्याआधी कुणासाठीही तंबू मोजायचा नाही.

आधी उंचीचा अंदाज घेऊ. आपला कळसूबाई १,६४६ मीटर. केदारकंठ्याच्या पायथ्याचं सांकरी गावच साधारण १,९५० मीटरवर आहे, म्हणजे चढायला सुरुवात करण्याआधीच आपण महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाच्या वर पोचलेले असतो. माथा सुमारे ३,८०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी भरतो. जानेवारीत रात्री कॅम्पवर पारा शून्याखाली पाच-दहा अंश जाणं नेहमीचंच. आणि मुंबईत सांताक्रूझला आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधलं. थोडक्यात, आपल्यापैकी कुणालाही थंडीचा सराव नाही.

पण थंडीपेक्षाही मला काळजी वाटते ती घामाची. मुंबईकर बारा महिने घामात असतो, त्यामुळे पाठ भिजली तरी त्याच्या लक्षातच येत नाही. पावसाळ्यात राजमाचीला जाताना ओलं राहिल्याने काही बिघडत नाही, वडापाव खाल्ला की माणूस परत ताजातवाना. बर्फात मात्र चढताना भिजलेला बनियन थांबल्यावर दहा मिनिटांत अंगावर गार फडक्यासारखा चिकटतो आणि मग वरून कितीही जाड जॅकेट चढवा, हुडहुडी जात नाही. कपडे भरताना हे एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मी यादी आपोआप बरोबर होते.

म्हणून सुती कपडा घरी. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स, कॉलेजचा तो लाडका टी-शर्ट, काहीच नको. अंगाला लागून थर्मलचे दोन जोड, लोकरीचे किंवा सिंथेटिक. एक चालताना, एक फक्त झोपताना. झोपायचा जोड कोरडाच राहिला पाहिजे, त्यामुळे तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी जाऊ दे. थर्मलवर एक पूर्ण बाह्यांचा चटकन वाळणारा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ सिंथेटिक जॅकेट, सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जॅकेट. पिसांचं फुगीर जॅकेट चालताना घालायचं नाही, ते कॅम्पवर आणि थांब्यांवर. पिसं भिजली की त्यांची ऊब संपते, आणि ती भिजतात बहुतेक वेळा आपल्याच घामाने. निघताना किंचित कुडकुडायला झालं पाहिजे. पहिल्या चढाला अंग तापतंच. तापलं की लाजत न बसता थांबायचं, एक थर काढायचा, पुढे निघायचं. थांबलेल्याची वाट बाकीच्यांनी पाहायची, टोमणे मारायचे नाहीत.

जानेवारीच्या त्या कपड्यांसाठी घरातली जुनी पेटी आधी उघडा. महाबळेश्वरला नेलेला स्वेटर, आत्याने विणलेली कानटोपी, मफलर, हे सगळं उत्तम चालतं. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. कानटोपी नक्की घ्या. फॅशनेबल बीनी कानांवरून वर सरकत राहते आणि पहाटेच्या वाऱ्यात कान आधी जातात.

पायांवर मात्र कंजूषी करू नका. सह्याद्रीत आपण ज्या हलक्या, जाळीदार बुटांवर प्रेम करतो ते खडकाला झकास धरतात, पण त्यातून बर्फाचं पाणी थेट मोज्यात येतं. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी न शिरणारे बूट हवेत. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण आत जाड लोकरी मोजा जायचाय आणि बोटं हलायला जागा उरली पाहिजे. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही, आणि तीन मोजे चढवूनही बोटं बधिर पडतात. दुकानात बूट घालून पाहताना मोजा घरून न्या. नवा बूट किमान महिनाभर आधी घ्या आणि घालून फिरा, ऑफिसलाही घालून जा. लोक हसतील, हसू दे. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी कापा. उतरताना पुढे आलेलं नख बुटाच्या टोकावर आपटून काळंनिळं होतं.

बुटाखाली काय लावायचं यावर ग्रुपमध्ये वाद ठरलेला. परदेशी व्हिडिओ पाहिलेला एखादा जण स्नोशू भाड्याने आणूया म्हणेल. स्नोशू म्हणजे पायाखाली रुंद फळी, वजन मोठ्या जागेवर पसरतं आणि माणूस भुसभुशीत बर्फात मांडीपर्यंत रुतत नाही. गुलमर्गच्या बाजूला, ताज्या खोल बर्फात वाट नसताना तीच खरी चीज. घ्यायची तर अंगाचं आणि सॅकचं वजन मिळवून त्याप्रमाणे माप निवडायचं, पाय थोडे फाकवून चालायचं, आणि उलट पावली मागे यायचा प्रयत्न करायचा नाही, शेपूट बर्फात घुसून माणूस पाठीवर पडतो. केदारकंठ्याची वाट मात्र हंगामात शेकडो पावलांनी तुडवून कडक झालेली असते. सकाळी ती काचेसारखी गुळगुळीत. तिथे कामाला येतात ते मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर रबराने चढवायचे साखळीचे काटे, आणि पोटऱ्यांवर गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून बांधायचं कापडी आवरण, त्यामुळे बर्फ बुटात वरून शिरत नाही. रात्रीत दोन-अडीच फूट ताजा बर्फ पडला तर स्नोशू शोधत बसण्यापेक्षा गाईड म्हणेल तसं थांबावं.

स्पाइक्स, गेटर, चालायच्या काठ्या, जाड जॅकेट हे सगळं सांकरीतच भाड्याने मिळतं. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी मुंबईत हजारो रुपये घालू नयेत, असं माझं मत. फक्त तिथे घेताना स्पाइक्सची प्रत्येक साखळी ओढून बघा, रबर चिरलेलं नाही ना पाहा, आणि स्वतःच्या बुटावर चढवूनच ताब्यात घ्या. काठ्यांच्या टोकाला रुंद चकती हवी, नाहीतर काठी बर्फात आरपार जाते. अंगाला चिकटणाऱ्या वस्तू, म्हणजे थर्मल, मोजे, हातमोजे, बूट, स्वतःचेच.

हातमोजे दोन थरांत: आत पातळ, बाहेर पाणी न शिरणारे जाड. आतला थर असला की नाडी बांधताना किंवा फोटो काढताना हात उघडा पडत नाही. पातळ मोज्याचा एक जोड जादा ठेवा, एक हमखास हरवतो. गॉगल ‘दिसायला छान’ वाला नको, अतिनील किरण अडवणारा आणि बाजूने बंद असलेला हवा. ताजा बर्फ या किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि दिवसभर उघड्या डोळ्यांनी चाललेल्याचे डोळे संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपतात, उघडवत नाहीत. सनस्क्रीन खालूनही लावायचं: हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानाच्या पाळीमागे. ओठांना व्हॅसलिन पुरत नाही, सनस्क्रीनवाला बाम घ्या.

खाऊच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत. जानेवारी म्हणजे डिंकाचे लाडू, तिळाच्या वड्या, गूळपोळी; थंडीत लागणारी सगळी ऊर्जा घरच्या डब्यात आहे. चॉकलेटचे बार थंडीत दगड होतात, दात सांभाळा. खाऊ एका डब्यात न ठेवता रोजच्या छोट्या पुड्या करून जॅकेटच्या खिशात, म्हणजे सॅक न उतरवता तोंड चालू राहतं. विमानाने जाणाऱ्यांनी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नयेत. तेलकट असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं. लायटर आणि गॅसचा डबाही चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, काठ्या आणि स्पाइक्स चेक-इनमध्ये. हे उलट झालं की विमानतळावर सॅक उपसावी लागते.

पाण्यासाठी साध्या रुंद तोंडाच्या दोन बाटल्या, त्यातला एक थर्मास असला तर उत्तम. नळीवाली पाण्याची पिशवी घरी ठेवा, नळीतलं पाणी गोठतं. पाणी वरून गोठत येतं म्हणून बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची, बूच खाली. झोपताना गरम पाणी भरलेली बाटली मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी. रात्री ऊब, सकाळी प्यायला पाणी. फोन, बॅटऱ्या आणि हेडटॉर्चही बॅगेतच घ्या, गारठलेली बॅटरी पहाटे तीनला दगा देते, आणि माथ्याकडे निघायची वेळ साधारण तीच. तोंड मात्र बॅगेबाहेर. श्वासाची वाफ आत जमून पुन्हा तोच ओलावा. तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह कुणीही पेटवायचा नाही. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठून झोपेतच जीव जातो, यात गंमत नाही.

तब्येतीची तयारी निघायच्या दीड-दोन महिने आधी. मुंबईत चढ नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या इमारतीची लिफ्ट विसरावी. पाठीला सात-आठ किलो, पाण्याच्या बाटल्या भरून, रोज अर्धा तास जिना. उतरताना सावकाश, कारण गुडघे उतरताना बोलतात. रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत चालत, किंवा पहाटेची कर्जत लोकल पकडून पेठचा किल्ला. पाच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत न थांबता धावता आले की पुरे. दमा, रक्तदाब, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि ग्रुपलाही सांगा. उंचीवरच्या डोकेदुखीसाठी डायमॉक्स कुणाच्या सांगण्यावरून गिळू नका. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हातही लावू नये. मैत्रिणींनी पाळीची तारीख जुळत असो वा नसो, सामान ठेवावंच, प्रवासात तारखा पुढेमागे होतात. वापरलेलं सगळं घट्ट पिशवीत परत आणायचं, बर्फात पुरलेलं एप्रिलमध्ये वर येतं.

प्रवासात एक दिवस शिल्लक ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं आणि दिल्लीकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात. डेहराडून ते सांकरी सुमारे दोनशे किलोमीटर, मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी करत आठ-दहा तास, सगळी वळणंच वळणं. गाड्या सकाळी लवकर सुटतात, म्हणून आदल्या संध्याकाळी डेहराडून गाठा. उलटीची गोळी निघायच्या आधी, पहिल्या वळणानंतर नाही. रोख रक्कम पुरोल्याच्या आत काढून ठेवा. पुढे मोबाइलची रेंज आणि यूपीआय दोन्हींचा भरवसा नाही. आधारच्या प्रती, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, घरच्यांचा फोन नंबर कागदावर. हा भाग गोविंद अभयारण्यात येतो, वनखात्याची परवानगी लागते, ती स्थानिक गाईडकडून करून घेणं सोपं.

आता राहिलं ते ग्रुपमध्ये घरीच बोलून ठेवायचं. माथ्याच्या दिवशी किती वाजता मागे फिरायचं ती वेळ इथे, दादरच्या एखाद्या हॉटेलात चहा पिता पिता, ठरवा. तिथे वर सगळ्यांनाच ‘अजून पंधरा मिनिटं’ हवी असतात. सर्वांत हळू चालणारा पुढून दुसरा, सर्वांत पटाईत शेवटचा. ज्याला डोकेदुखीबरोबर मळमळ आहे, जो सरळ रेषेत चालू शकत नाही, तो उतरणार आणि त्याच्याबरोबर एक जण उतरणार. तो एक कोण, हेही आधीच ठरू दे. परतताना उतारावर बसून घसरायचा मोह होतोच, मजाही येते. पण आधी स्पाइक्स काढा. काटे बर्फात अडकले की घोटा जागच्या जागी राहतो आणि उरलेला माणूस पुढे जातो.

घरी परतल्यावर लगेच सॅक उपसायची. स्लीपिंग बॅग, बूट, जॅकेट दोन दिवस पंख्याखाली, गॅलरीत ऊन येत असेल तर उत्तम. मुंबईच्या दमट हवेत ओला बूट कपाटात गेला की पावसाळ्याआधीच बुरशी धरतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रोज बदला, आणि पिसांचं जॅकेट चेपून न ठेवता हँगरला लावा.