टोटल लॉस झालेली गाडी घ्यायचीय? आधी कागद बघा, मग गाडी, मग इन्शुरन्स

बाजारभावापेक्षा लाख-दीड लाखाने स्वस्त गाडी दिसली की विकणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा, गाडी टोटल झालेली आहे का. तो बहुतेक वेळा म्हणेल "नाही हो, किरकोळ ठोकलेली, बंपर नि लाइट बदललेत", ते ऐकून घ्या आणि सोडून द्या, कारण आपल्याकडे अडचण अशी आहे की आरसीवर हे कुठेच लिहिलेलं नसतं. अमेरिकेत अशा गाडीच्या टायटलवरच, म्हणजे मालकीच्या कागदावरच, सॅल्व्हेज किंवा रीबिल्ट असा शिक्का येतो, इंग्लंडमध्ये इन्शुरन्सवाले कॅटेगरी एस, कॅटेगरी एन लावतात. इथे आरसीवर रंग, सीसी, बँकेचा बोजा सगळं असतं पण ही गाडी कुणी एकदा मोडीत काढली होती याची ओळ नाही. आणि प्रायव्हेट गाडी ठोकून परत बांधली तर ती रोडवर आणायच्या आधी आरटीओने तपासायची असंही काही नाही. त्यामुळे शोध आपणच घ्यायचा.

आधी टोटल लॉस म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण इथेच बरेच लोक उगाच घाबरतात किंवा उगाच भुलतात. इन्शुरन्ससाठी गाडीची जी किंमत धरतात ती आयडीव्ही. कंपनीच्या लिस्ट प्राइसमधून वयाप्रमाणे घसारा जातो, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०, त्यापुढे इन्शुरन्सवाले आणि मालक मिळून ठरवतात. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल.

आता हिशोब करा. ८ लाख लिस्ट प्राइसची साडेचार वर्षांची गाडी, आयडीव्ही ४ लाख, म्हणजे एस्टिमेट ३ लाखाच्या पुढे गेलं की टोटल. समोरून ठोकली, दोन एअरबॅग उडाल्या, त्यांच्यासोबत डॅशबोर्ड, सीटबेल्ट, एअरबॅगचं मॉड्यूल, वर बॉनेट, रेडिएटर, दोन्ही हेडलाइट, आणि हे सगळं कंपनीच्या वर्कशॉपच्या रेटने लेबरसकट, तर ३ लाख व्हायला काही वेळ लागत नाही आणि चासी मात्र सरळ असू शकते. तीच गाडी दीड वर्षांची असेल तर आयडीव्ही ६ लाख ४० हजार, टोटल व्हायला ४ लाख ८० हजारांच्या वरचं काम लागतं, म्हणजे ती खरोखर चेपलेली असणार. म्हणून माझं मत, टोटल झाली तेव्हा जुनी असलेली गाडी एकवेळ बघायला हरकत नाही, नवीकोरी असताना टोटल झालेली नको. आणि पाण्यात गेलेली तर कुठल्याच वयाची नको, डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेली गाडी कितीही धुतली तरी वायरिंगमध्ये वर्षभराने सुद्धा काहीतरी निघतं.

कागदांचं बघू. टोटलचा क्लेम दोन तऱ्हेने सुटतो. एकात आरसी रद्द करून घेतात आणि गाडी भंगार म्हणून जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दुसरी तऱ्हा नेट ऑफ सॅल्व्हेज, म्हणजे आयडीव्हीतून मोडक्या गाडीची किंमत वजा करून बाकी पैसे मालकाला, आणि गाडी आरसीसकट मालकाकडे, तो ती सॅल्व्हेजवाल्याला देऊन मोकळा होतो. तुम्ही घेऊ शकता ती फक्त ही दुसरी. पहिल्या प्रकारातली गाडी कुणी देत असेल तर तो भंगार विकतोय, नावावर होणार नाही आणि इन्शुरन्सही निघणार नाही.

एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका. आरसी स्टेटस अ‍ॅक्टिव्ह आहे का, कितवा मालक, बँकेचा बोजा उतरलाय का, ब्लॅकलिस्ट आहे का. यातलं इन्शुरन्सच्या तारखेकडे लोक बघतच नाहीत आणि मी तेच आधी बघतो. टोटलचे पैसे मिळाले की ती पॉलिसी संपते, त्यामुळे इन्शुरन्स वर्षभरापूर्वी संपलाय आणि मधल्या काळात कुणी काढलाच नाही असं दिसलं तर गाडी कुठेतरी यार्डात पडून होती हे समजा. मग मालक कधी बदलला ते बघा, राज्य बदललंय का ते बघा. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडला पाणी आलं होतं, अशा तारखेनंतर दोन-चार महिन्यांत त्या भागातली गाडी बाहेर गेलेली दिसली की जास्त कसून तपासा.

विकणाऱ्याकडे जुनी पॉलिसी मागा. त्यावर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्य असेल तर आधीच्या वर्षी क्लेम झालाय किंवा गाडी नुकतीच या मालकाकडे आलीय किंवा इन्शुरन्स बराच काळ बंद होता, तिन्हीपैकी काय ते विचारा. टोटल झालीय असं तो कबूल करत असेल तर सर्व्हेअरचा, म्हणजे इन्शुरन्ससाठी नुकसान तपासणाऱ्याचा, रिपोर्ट, वर्कशॉपचं एस्टिमेट आणि झालेल्या दुरुस्तीची बिलं मागायची. एस्टिमेटमध्ये काय मोडलं होतं त्याची पूर्ण यादी असते आणि बिलात त्यातलं काय खरंच नवीन आलं ते कळतं. एस्टिमेटमध्ये चार एअरबॅग आणि बिलात एकही नाही, तर डॅशबोर्डच्या आत काय आहे तुम्हीच विचार करा. हे कागद द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून मी तरी घेणार नाही. शक्य असेल तर गाडी टोटल झाली तेव्हाच्या मालकाशी बोला, त्याचे पैसे मिळालेले असतात त्यामुळे तो खरं सांगतो.

आता गाडी. आपला गॅरेजवाला सोबत न्या, विकणाऱ्याचा नको. चासी नंबर स्वतः वाचा, आरसीशी एकेक आकडा जुळवा, आणि नंबरच्या आजूबाजूच्या पत्र्यावर वेल्डिंगची रेघ, ग्राइंडरचे ओरखडे, वेगळाच रंग दिसला की तिथूनच परत फिरा. टोटल गाडीचे कागद घेऊन त्यावर चोरीची गाडी बसवायची हा जुना धंदा आहे, आणि २०२१ ला पनवेलकडे पोलिसांनी पुरात भिजून भंगारात काढलेल्या नव्या गाड्यांचे चासी नंबर बदलून विकणारी टोळी पकडली होती. त्यात गाडी जप्त होते आणि तुमचे पैसे बुडतात.

बॉनेट उघडून दोन्ही बाजूचे, चाकांच्या वरचे आतले पत्रे म्हणजे अ‍ॅप्रन बघा, कंपनीचे स्पॉट वेल्ड एकसारख्या अंतरावर गोल खळग्यांसारखे असतात, हाताने केलेलं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. दाराचं रबर ओढून पिलर, म्हणजे छत धरणारे उभे खांब, बघा. पिलर कापून जोडलेली किंवा दोन गाड्यांची एक केलेली गाडी, जिला कटिंगची गाडी म्हणतात, ती नकोच. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा लाइट लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागतच नाही म्हणजे बल्ब काढलाय, आणि काही हुशार लोक तो दुसऱ्या लाइटला जोडून देतात म्हणजे दोन्ही अगदी एकदमच विझतात, त्यामुळे स्कॅनर लावून मॉड्यूलमध्ये क्रॅशचा कोड आहे का ते बघून घ्या.

पाण्याची गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी रीळ संपेपर्यंत. वरचा भाग सगळेच धुतात, आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची तपकिरी रेघ तशीच राहते. बेल्टच्या खाली लेबलवर तारीख असते, ती गाडीपेक्षा नवीन असेल तर बेल्ट बदललाय, का बदलला ते विचारा. सीटच्या रेल्सचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, कनेक्टरवर हिरवट थर, हे पण बघा. गाडीत तीन-चार परफ्यूम लटकवलेले असतील तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा.

किमतीबद्दल थोडक्यात, सगळं ठीक निघालं तरी चांगल्या गाडीच्या भावाच्या साठ टक्क्यांवर मी जाणार नाही कारण उद्या विकताना तुम्हालाही हेच सांगावं लागणार.

इन्शुरन्सची चौकशी टोकन द्यायच्या आधी करा, नंतर नाही. नंबर आणि चासी नंबर देऊन दोन-तीन कंपन्यांना विचारा आणि मेलवर स्पष्ट लिहा की ही गाडी अमुक साली टोटल झाली होती, दुरुस्त केलीय, बिलं जोडलीत, फुल इन्शुरन्स द्याल का. एजंट म्हणेल "कशाला सांगताय, फोटो काढू, होऊन जाईल." होतं पण खरं. मग क्लेम आला की सर्व्हेअर जुना रेकॉर्ड काढतो आणि माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं, तेव्हा एजंट फोन उचलत नाही. लेखी उत्तर आलं तर ते जपून ठेवा.

पॉलिसी संपलेली असेल तर आधी इन्स्पेक्शन होतं. त्यात जुने डेंट, काचेचा तडा, सगळं नोंदवलं जातं ते वाचा, कारण नोंदलेल्या जागेचा क्लेम पुढे मिळत नाही. एखादी कंपनी फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा इन्शुरन्स, देते म्हणेल. तो कायद्याने लागतोच, १००० सीसीपर्यंत २०९४ आणि १५०० सीसीपर्यंत ३४१६ रुपये असा दर २०२२ च्या जूनपासून होता, वर जीएसटी, पण त्यात तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही हे डोक्यात ठेवून किंमत पाडा.

आधीच्या मालकाची पॉलिसी चालू असेल तर ती आपोआप पूर्ण तुमची होत नाही. थर्ड पार्टीचा भाग गाडीसोबत येतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र १४ दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावा लागतो. आरटीओत गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० देऊन पावती घेतली की त्याच दिवशी इन्शुरन्सचाही अर्ज टाका. एनसीबी विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तेवढा फरक कंपनी तुमच्याकडून घेईल.

आयडीव्ही फुगवून घेऊ नका, प्रीमियम तेवढा जास्त जातो आणि अडीच लाखाला घेतलेल्या गाडीवर पाच लाखाचा क्लेम लावला की चौकशी लागलीच. अगदी खाली पण आणू नका, कारण आयडीव्ही ३ लाख ठेवला की सव्वादोन लाखाच्या वरच्या दुरुस्तीला ती परत टोटल. झिरो डेप, म्हणजे पार्ट्सचा घसारा न कापता क्लेम देणारं जादा कव्हर, साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांना मिळतं, काही कंपन्या पुढेही देतात. पैसे थोडेच असतील तर मी झिरो डेपपेक्षा इंजिन प्रोटेक्ट घेईन, पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारल्यामुळे इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत.