जाधवगडावर दोन दिवस नुसता आराम करायचा असेल तर

पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढून वर आलं की थोडं पुढे जाधववाडीत उंच दगडी तटबंदी दिसते, तोच जाधवगड. पिलाजी जाधवराव म्हणजे शाहू महाराजांच्या काळातले मोठे सरदार, पुढे बाजीरावांबरोबर उत्तरेतल्या मोहिमांत होते, त्यांनी १७१० मध्ये ही गढी बांधली. आता तिथे हेरिटेज हॉटेल आहे, विठ्ठल कामतांनी उभं केलेलं. स्पा आहे, स्विमिंग पूल आहे, तंबूत राहायची सोय आहे आणि हडपसरपासून तासाभराच्या आत पोचता येतं, त्यामुळे पुणे-मुंबईच्या दमलेल्या माणसांसाठी माझ्या मते ही फार चांगली जागा आहे. २०१९ साली राज्यातले किल्ले हॉटेलांना द्यायच्या बातमीवरून एवढा गदारोळ झाला होता ना, त्याच्याशी याचा संबंध नाही, हे हॉटेल त्याच्या बरंच आधीचं. आणि हा शिवकालीन डोंगरी किल्लाही नाही, सरदाराच्या राहण्याची तटबंदीतली गढी आहे, त्यामुळे ट्रेकची तयारी करून येऊ नका.

आता मुख्य मुद्दा. इथे येणारे बरेचसे लोक आराम सोडून बाकी सगळं करतात. शनिवारी सकाळी येतायेता जेजुरी, दुपारी चेक-इन, संध्याकाळभर फोटो, रविवारी पहाटे उठून पुरंदर, परत येऊन नाश्ता संपायच्या आत धावत पळत डायनिंगला, मग चेकआऊटच्या आधी कसाबसा तासभर मसाज, आणि अंगाला तेल तसंच घेऊन गाडीत. सोमवारी ऑफिसात मान आखडलेली ती आखडलेलीच. म्हणून माझं म्हणणं एवढंच की प्लॅन उलट्या बाजूने करा, आधी मसाजची वेळ ठरवा, ती पहिल्याच संध्याकाळची ठरवा, आणि बाकी सगळं तिच्या मागेपुढे बसवा.

पहिली संध्याकाळच का, तर मसाजनंतर शरीराला काही करायची इच्छाच राहत नाही, भूक लागते, लवकर झोप येते आणि ती झोप हीच या सगळ्यातली खरी कमाई असते. रविवारी सकाळी केलात तर त्या झोपेच्या वेळेला तुम्ही घाटात ट्रॅफिकमध्ये असता.

तारीख निवडताना आधी कॅलेंडरमध्ये लग्नाचे मुहूर्त बघा, मग आपली सुट्टी. अशा गढ्या-महालांच्या हॉटेलांवर डेस्टिनेशन वेडिंग खूप होतात, ढोलताशे, डीजे, संगीत, आणि बाकीच्या पाहुण्यांनी तिथे शांतता मागायला जाणं म्हणजे अवघडच. बुकिंग करताना फोनवर सरळ विचारा की त्या दोन दिवसांत लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का, असेल तर किती माणसांचा आणि लॉन कुठल्या बाजूला. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नसतातच, त्यामुळे पावसाळा आणि नवरात्राच्या आसपासचे दिवस शांततेच्या दृष्टीने उत्तम, वर पुरंदरचा सगळा माळ हिरवागार असतो. फक्त आषाढी वारीचे दिवस टाळा. माऊलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते तेव्हा घाट वाहनांना बंद असतो, आणि त्या दिवसांत त्या रस्त्यावर जायचं तर वारीसाठीच जावं. सोमवती अमावास्येला जेजुरीची गर्दी असते तेव्हाही तेच, सासवडच्या पुढेमागे गाड्या हलत नाहीत.

अजून एक गोष्ट जी मी सगळ्यांना सांगते, शक्य असेल तर शनिवार-रविवार न करता रविवार-सोमवार करा. सोमवारची एक रजा टाका. रविवारी दुपारी गर्दी उतरायला लागलेली असते, तुम्ही घाट चढत असता आणि लोक घाट उतरत असतात, रात्री अर्धं हॉटेल रिकामं, पूलमध्ये मुलांचा आरडाओरडा नाही, स्पाला हवी ती वेळ मिळते, आणि भाडंही बहुतेक ठिकाणी शनिवारपेक्षा कमी असतं. भाड्याचं बघताना एक लक्षात ठेवा, एका रात्रीचं भाडं ७५०० च्या वर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे वेबसाईटवरचा आकडा आणि हातात येणारं बिल यात बराच फरक पडतो. पॅकेजमध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण आहे का, मसाज आहे का वेगळा, असेल तर किती मिनिटांचा, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, नुसतं तोंडी नको.

खोली घेताना फोटोपेक्षा पायऱ्यांचं विचारा. जुन्या गढीत पायऱ्या उंच आणि दगडी असतात, शत्रूला पटकन चढता येऊ नये म्हणूनच तशा बांधलेल्या, आणि आईबाबांचे किंवा सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर दिवसातून चार वेळा त्या चढणं म्हणजे आराम नाही. खालची खोली मागा, डायनिंग आणि स्पा तिथून किती लांब आहे तेही विचारा. तंबू छान वाटतो, पण एप्रिल-मे मध्ये दुपारी तो तापतोच, एसी असला तरी. दगडी भिंतीच्या खोलीचं गणित वेगळं आहे, जाड भिंत दुपारी आत गारवा ठेवते आणि दिवसभर शोषलेलं ऊन रात्री उशिरापर्यंत सोडत बसते, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी खोलीत आणि रात्री जेवणानंतर बाहेर वाऱ्यावर, असं ठेवा. घाटावर आलं की पुण्यापेक्षा वारा जास्तच, संध्याकाळी पातळ शाल किंवा स्टोल जवळ असू द्या.

रस्ता सोपा आहे, हडपसर, फुरसुंगी फाटा, वडकी आणि मग दिवे घाट. घाटात खाली मस्तानी तलाव दिसतो, पावसाळ्यानंतर भरलेला असतो तेव्हा थांबून बघण्यासारखा, पण वळणावर गाडी लावू नका. पालखी मार्गाच्या रुंदीकरणामुळे निघायच्या आधी मॅपवर एकदा बघून घेतलेलं बरं. घाट अडकलेला असेल तर कोंढव्याकडून बोपदेव घाटाने सासवडला या आणि तिथून थोडं मागे. मुंबईकरांनी शनिवारी सकाळी आठला निघायचा मोह टाळावा, खंडाळ्याच्या घाटात दोन तास गेले की आल्यावर पहिला अर्धा दिवस चिडचिडीत जातो, एकतर पहाटे निघा नाहीतर शुक्रवारी रात्रीच पुण्यात येऊन झोपा.

पोचल्यावर मोठ्या दरवाज्यातून आत शिरताना तुतारीने स्वागत होतं, मुलांना ते फार आवडतं. पण लगेच कॅमेरा काढून तटावर धावू नका. आधी खोलीत जा, आंघोळ करा, हलकं काहीतरी खा. जड जेवणानंतर निदान दोन तास मसाज घ्यायचा नाही, म्हणजे पाच-साडेपाचची वेळ घेतली असेल तर दोन-तीनच्या सुमाराला जेवण उरकायला हवं आणि तेही पुरणपोळीचं नको.

स्पामध्ये गेल्यावर एक फॉर्म भरायला देतात, तो नीट भरा, आपल्याकडे लोक सगळीकडे नाही नाही नाही अशी टिक करून मोकळे होतात. बीपी आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत का, गरोदरपण आहे का, हे सांगणं खरंच महत्त्वाचं आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर जोर लावून दाबायचा डीप टिश्यू प्रकार नकोच, बीपी असेल तर स्टीम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, डायबिटीसमुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर गरम दगडांचा मसाज नको कारण भाजलं तरी कळत नाही. बदामाची ॲलर्जी असेल तर तेल कुठलं आहे ते विचारा.

कुठला मसाज घ्यायचा यात फार गोंधळायचं कारण नाही. पहिल्यांदाच घेत असाल तर अभ्यंग, म्हणजे अंगभर तेल लावून केलेला आयुर्वेदिक मसाज, किंवा साधा, हलक्या हाताचा स्वीडिश घ्या, साठ मिनिटांचा, त्यात सगळं येतं. डीप टिश्यू हा ज्यांची पाठ-खांदे कॉम्प्युटरपुढे बसून अक्षरशः लाकूड झालेत त्यांच्यासाठी, पण दुसऱ्या दिवशी थोडं ठणकतं हे गृहीत धरा. शिरोधारा सगळ्यांना फोटोत बघून हवी असते, कपाळावर तेलाची संथ धार, खरंच फार शांत वाटतं त्यात, फक्त केस पूर्ण तेलात भिजतात आणि त्या संध्याकाळी तुम्ही कुठेही जायच्या अवस्थेत नसता, तर ती घ्यायची तर रात्री जेवण खोलीत मागवायच्या तयारीने घ्या. पुरुष थेरपिस्ट हवा की स्त्री हे बुकिंगच्या वेळीच सांगा, ऐनवेळी अवघडून बसू नका. मंगळसूत्र, बांगड्या, चेन खोलीतल्या लॉकरमध्ये ठेवून या, तेलात दागिना सैल होऊन निसटतो आणि मग सगळा जीव तिकडेच लागतो.

टेबलावर पालथं झोपलं की तोंडासाठी गोल भोक असतं, तिथून खाली फक्त फरशी आणि थेरपिस्टची पावलं दिसतात, पहिली पाच मिनिटं डोक्यात घरचं-ऑफिसचं चालूच असतं. मग कोमट तेल तळपायाला लागतं आणि अंगठा टाचेकडून बोटांकडे सरकायला लागला की एकदम जाणवतं की आपण इतका वेळ पायाची बोटं आवळून धरली होती. जोर कमी-जास्त हवा असेल तर तोंडाने सांगा, त्यांना चालतं, उलट त्यांना सोपं जातं. गप्पा मारायच्या नसतील तर सुरुवातीलाच हसून सांगून टाका की मी डोळे मिटून पडते. फोन खोलीतच ठेवून आलात तर उत्तम, सायलेंटवर ठेवलेला फोनसुद्धा टेबलावर थरथरतोच.

झाल्यावर लगेच शॉवरखाली पळू नका. अर्धा तास तेल अंगावर राहू द्या, कोमट पाणी प्या, मग कोमट पाण्याने आंघोळ, साबणाऐवजी उटणं किंवा बेसन नेलं असेल तर फार छान, तेल निघतं आणि कातडी कोरडी पडत नाही. त्या रात्री दारू घेऊ नका, सकाळी डोकं जड होतं. पूलही दुसऱ्या दिवसावर टाका.

जेवणात पनीर बटर मसाला सगळीकडे मिळतो, इथे पिठलं-भाकरी, ठेचा, भरलं वांगं असं काही असेल तर तेच मागा. थंडीत गेलात तर हुरडा आहे का विचारा. नऊच्या आत जेवून घ्या, बाहेर थोडं चालून या आणि झोपा. टीव्ही नका लावू, एका रात्रीने काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी एकच ठिकाण, फार तर. माझी पसंती सासवडच्या संगमेश्वराला आणि चांगावटेश्वराला. कऱ्हाकाठची जुनी दगडी देवळं, सकाळी सातच्या सुमाराला कोणी नसतं, चांगावटेश्वराचे कोरीव खांब नीट बघायला मिळतात, सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन होतं आणि नाश्त्याला परत गडावर. जेजुरी करायचीच असेल तर ती वेगळ्या दिवशी पूर्ण मनाने करा, नवलाख पायरी चढायची, भंडारा उधळायचा, त्यात घाई कसली. पुरंदर किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र लागतं, जायच्या-यायच्या वेळा ठरलेल्या, आणि संभाजी महाराजांचं जन्मस्थान, मुरारबाजींची जागा हे सगळं नीट बघायला अख्खा दिवस हवा. चेकआऊटच्या आधी उरकायची ती गोष्ट नाही.

नाश्त्यानंतरचा वेळ गडाच्या आतच घालवा. तिथे ‘आई’ नावाचं छोटं संग्रहालय आहे, जुनी भांडी, दिवे, घरातल्या वापराच्या वस्तू, आजी बरोबर असेल तर तिला तिथे मोकळं सोडा आणि तिच्या मागे मागे फिरा, प्रत्येक वस्तूबद्दल ती काहीतरी सांगेल. मुलांना पूल. आणि तुम्ही तटाच्या सावलीत खुर्ची टाकून बसा, पुस्तक असलं तर असलं.

चेकआऊटची वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेवा, खोल्या रिकाम्या असतील तर तास-दोन तास वाढवून देतात, पण सकाळी अकराला विचारलं तर तोवर पुढचं बुकिंग लागलेलं असतं. स्पाचं बिल खोलीच्या बिलात टाकलंय का तेही तेव्हाच बघा, थेरपिस्टला टिप द्यायची तर हातात द्या. निघताना सीताफळाचे दिवस असतील, म्हणजे साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर, तर सासवडच्या बाजारात फक्त थोडी कडक फळं घ्या, घरी तांदळाच्या डब्यात दोन दिवसांत पिकतात. उन्हाळ्यात गेलात तर पुरंदरचं अंजीर, त्याला जीआय टॅग आहे, पण ते त्याच दिवशी खायचं फळ आहे, पिशवीत दाबून मुंबईपर्यंत नेऊ नका. आणि रविवारीच परतायचं असेल तर तीनच्या आत घाट उतरा, संध्याकाळी जेजुरीची सगळी गर्दी त्याच रस्त्याने हडपसरला येते.