गोव्यातून पोर्तुगीज नागरिकत्व : कागद कुठल्या क्रमाने जुळवायचे

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते. फॉर्म भरणे सोपे असते, घोडे अडते ते नावांपाशी.

सुरुवात आईवडिलांपैकी जे त्या काळात जन्मले त्यांच्या तेओरपासून करा. तेओर म्हणजे मूळ जन्मनोंदीची संपूर्ण, प्रमाणित नक्कल. छापील छोटा जन्मदाखला इथे पुरत नाही, कारण समासातले शेरे त्यात येत नाहीत. तेओर तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळतो. फार जुनी पुस्तके पणजीच्या पुराभिलेखात गेली आहेत. नोंद पोर्तुगीजमध्येच असेल तर भाषांतराचा खर्च वाचतो.

मग एका कागदावर प्रत्येकाचे नाव, वडील, आई आणि जन्मतारीख प्रत्येक दस्तऐवजात जशी आहे तशीच उतरवा. जुन्या नोंदीत नाईकचे नाइके, कामतचे कामोतिम, प्रभूचे पोरोबो झालेले सापडते. कित्येक हिंदू नोंदींत आडनावच नसते. लग्नात सुनेचे नाव बदलले असेल तर मुलांच्या दाखल्यावर आई वेगळीच बाई दिसते! ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र केल्याने मूळ नोंद बदलत नाही. रजिस्ट्रारकडून, गरज पडल्यास कोर्टातून, नोंदच दुरुस्त करून घ्या.

आईवडिलांच्या लग्नाची नोंद नीट तपासा. गोव्यात रजिस्ट्रारपुढे दोनदा सही करावी लागते. पहिली सही करून, घरी विधी उरकून, दुसरी राहून गेलेली जोडपी बरीच आहेत. त्यांचे लग्न नोंदलेलेच नसते. मुलाचे आईवडिलांशी नाते सहसा तो सज्ञान होण्याआधी नोंदले गेलेले हवे, म्हणून उशिराने केलेल्या जन्मनोंदीवर प्रश्न निघतात.

दुरुस्त्या आटोपल्यावरच अपोस्टिल, म्हणजे दस्तऐवज परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, घ्या : आधी राज्याची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालय. दुरुस्तीआधीच अपोस्टिल घेतलेत तर नव्या नकलेवर पुन्हा खर्च. लिस्बनमध्ये आधी आईचा किंवा वडिलांचा जन्म नोंदवतात, मग त्यांचे लग्न, शेवटी तुमचा जन्म.

भारतात मात्र दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट परत करा, मतदारयादीतून नाव काढा, मग ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करा. ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.