स्लॅकलाइन: आधी एका पायावर उभं राहा, चालणं नंतर

गोव्यात हरमलच्या किंवा पाळोळेच्या किनाऱ्यावर दोन माडांमध्ये ताणलेल्या पट्ट्यावर चालणारे लोक तुम्ही पाहिले असतील. डोंबाऱ्याची दोरी ताठ असते. हा पट्टा पायाखाली दबतो आणि झुलतो, सगळा कस तिथेच लागतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या योसेमिटीत कडे चढणाऱ्यांनी हा खेळ रुजवला.

रॅचेटवाला (रॅचेट म्हणजे पट्टा ताणून धरणारी लोखंडी कळ), ५० मिलिमीटर रुंद पट्टा घ्या. झाडांत सहा-सात मीटर अंतर, उंची गुडघ्याएवढी, खाली वाळू. वर नारळ लगडलेले असतील तर तो माड सोडा. खोडाला गोणपाट गुंडाळाच, माडाला झालेली जखम भरून येत नाही. आणि भाटकाराला, म्हणजे माडांच्या मालकाला, आधी विचारा.

आता खरा कठीण भाग. पट्ट्यावर पाय ठेवून वजन टाकलं की पाय डावी-उजवीकडे थडाथडा हलू लागतो. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. याला कमजोरी समजू नका. पट्टा सरकला की पाय त्याला सावरायला जातो, गरजेपेक्षा जास्त जोर लावतो आणि पट्टा उलट बाजूला फेकला जातो. पाय ताठ केलात तर थरथर वाढते. गुडघा वाकवा, श्वास सोडा, नजर समोरच्या झाडावरच्या गाठीवर ठेवा. हात खांद्यांच्या वर, कोपरं सैल. तोल सावरायचा तो हातांनी आणि मोकळ्या पायाने, कंबर वाकवून नव्हे.

‘कुणाचा तरी हात धरून चालत सुटा’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. वजन त्या हातावर जातं आणि पट्ट्याशी तुमची ओळखच होत नाही. एका पायावर दहा श्वास उभं राहता येईपर्यंत पाऊल टाकू नका. मग दुसरा पाय, तेही तितकंच. नवख्यांचा एक पाय नेहमी मागे राहतो, त्यालाच जास्त वेळ द्या. तोल गेला की पट्ट्याच्या एका बाजूला दोन्ही पायांवर उतरा. पट्टा दोन पायांमध्ये येऊ देऊ नका.

हे जमलं की चालणं आपोआप येतं.

सोडताना रॅचेट झटक्याने उघडतं, तोंड आणि बोटं लांब ठेवा. खारी हवा लोखंड खाते, म्हणून रॅचेट गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. पट्टा उन्हात टाकून ठेवू नका, धागा कमजोर होतो. कडेला विरलेला दिसला तर तो पट्टा टाकून द्या.