पाऊस गेला, गाडी बघा. दारांची भोकं आधी

परतीचा पाऊस गेला की दोन-चार दिवस कडक ऊन खाऊ द्या आणि मग गाडीला हात घाला. दसऱ्याला धुऊन हार घालायचाच असतो, तर त्याआधीच उरका. शॅम्पू, काचा, मॅट वाळवणं हे सगळेच करतात, त्यावर शब्द घालवत नाही.

गाडी खालून धुतली पाहिजे. घोटी, त्र्यंबक, पहिने या बाजूला पावसात एखादी चक्कर झाली असेल तरी मडगार्डच्या आतल्या कडांवर चिखलाचे थर चढलेले असतात. वरून वाळलेला दिसला तरी हा चिखल आत ओल धरतो आणि पत्रा गुपचूप खातो. लिफ्ट किंवा रॅम्प असलेलं वॉशिंग सेंटर गाठा आणि तिथे उभे राहा, चहाला जाऊ नका. बोट दाखवून सांगितलं नाही तर पोरगा मधोमध पाणी फिरवतो आणि फेसाचे पैसे घेतो. इंजिनवर मात्र प्रेशर मारू देऊ नका. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागतात.

आता भोकं. प्रत्येक दाराच्या अगदी खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं ठेवलेली असतात. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते इथूनच बाहेर पडतं. चिखलाने बुजली की दारातच साचतं. गेल्या वर्षी सगळं केलं आणि नेमकं हेच राहिलं. उन्हाळ्यात मागच्या दाराच्या कडेला रंगाला फोड आले, दाबून बघितलं तर बोट आत. पत्रा कापून नवा जोडावा लागला, रंग आजही जुळत नाही. तेव्हा दारं उघडा, खाली वाका, झाडूची काडी घाला. तार किंवा स्क्रू ड्रायव्हर नको, रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो. चारही दारं आणि डिकीसुद्धा. मग वरून काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि खालून ठिबकतंय का बघा. ठिबकत नसेल तर काडी पुन्हा.

तीच गोष्ट वायपरखालच्या काळ्या जाळीची. तिथे कडुनिंबाचा पाला कुजून बसतो, पाण्याची वाट बंद होते आणि ते ब्लोअरमधून पायाशी उतरतं. कुबट वास आला म्हणून परफ्यूम लटकवणाऱ्यांनी आधी गालिचा उचलून खाली हात लावून बघावा. दसऱ्याचा हार काढताना झेंडूच्या पाकळ्याही त्याच जाळीत पडतात, वेचून काढा.

खालून गंजरोधक कोटिंग करणार असाल तर गाडी पूर्ण वाळल्यावरच. ओल्या चिखलावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं. आणि कोटिंगवाला दारांच्या भोकांवरूनच फवारा मारून मोकळा होतो! आधी टेप लावायला सांगा, नंतर काडीने पुन्हा तपासा. हो, पुन्हा.

खड्ड्यांमुळे चाकांची अलाइनमेंट बिघडलेली असतेच. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का, टायर एकाच कडेने झिजतोय का, एवढं बघून करून घ्या. टायरच्या बाजूला फुगवटा असेल तर तो टायर गेला, घासून घासून वापरू नका. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की कायद्यानेही तो बाद. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर अ‍ॅक्सलचं रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण, फाटलंय, लगेच बदला. ब्रेकच्या डिस्कवरचा तांबूस थर दोन-चार ब्रेक मारले की जातो, त्याला घाबरू नका. ब्रेक ऑइल दोन वर्षं जुनं असेल तर बदला, ते हवेतली ओल शोषतं.

बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी काढा. वायर सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. निफाडचा पारा खाली आला की मरतुकडी बॅटरी पहाटे दगा देते. एसीचा फिल्टर, कूलंट, हवा बघून टाका. दारांची भोकं झाली ना? वायपर आत्ता घेऊ नका, उन्हात रबर कडक होतं. मे संपताना घ्या.