शाळेची श्रेणी पालकांना समजावून सांगायची आहे? आधी शेरेबुक ताब्यात घ्या

शाळा व्यवस्थापन समितीत आहात आणि पालकसभेत ‘आपल्या शाळेची तपासणी कशी होते, श्रेणी कशी लागते’ हा विषय घ्यायचाय, तर सतरंज्या, माईक, पाणी यावर मी शब्द घालवत नाही. बाजाराचा दिवस टाळा. दुपारची वेळ तर नकोच, मजुरीला गेलेल्या आया येत नाहीत. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायदा म्हणतो, पण कायद्याने समिती भरते, सभा भरत नाही.

आता मुख्य गोष्ट. सभेच्या आदल्या दिवशी शेरेबुक हातात हवं. कुठे लॉगबुक म्हणतात, कुठे भेट नोंदवही. नाव काहीही असो, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी शाळेत येऊन गेले की ज्यात लिहून सही करतात ती वही. ‘कपाटात आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. गेल्या वेळी मी चालवून घेतलं. सभेत श्रेणीचा मोठा छापील कागद लावला, आणि मागून एका आजोबांनी विचारलं, ‘ते ठीक, पण साहेबांनी काय लिहून ठेवलंय ते वाचा की.’ वही कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक प्रशिक्षणाला. त्यानंतर मी जे काही बोललो ते कुणी ऐकलं नाही, आणि ऐकायचं कारणही नव्हतं.

मागताना नीट मागा. शिक्षकांना वाटतं, पालक उणीदुणी काढायला आलेत. ‘मॅडम, कुणाला जाब विचारायचा नाही, पालकांना तपासणी म्हणजे काय ते दाखवायचंय,’ एवढं सांगितलं तर सहसा नकार येत नाही. कुणा शिक्षकाबद्दल किंवा मुलाबद्दल नावानिशी शेरा असेल तर तो सभेत वाचायचा नाही. हे आधीच कबूल करा आणि पाळा.

दुसरा कागद म्हणजे शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे सरकारच्या शाळा-माहिती नोंदीतला आपल्या शाळेचा क्रमांक. अकरा आकडी असतो, महाराष्ट्रात २७ पासून सुरू होतो. त्यावरून पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं अशी शाळेने भरलेली माहिती सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. छापून आणा. भरलेलं आणि असलेलं यात फरक दिसला तर तो सभेच्या आधी मुख्याध्यापकांना सांगा, सभेत बॉम्ब टाकू नका.

तिसरी तयारी डोक्यातली, आणि ती केल्याशिवाय उभे राहू नका. पालकांच्या मनात तीन-चार श्रेण्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. प्रगतिपत्रकावर ‘ब-१’ असतं ती मुलाची श्रेणी, आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनातून आलेली. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, असं खाली खाली. तिचा शाळेच्या श्रेणीशी संबंध नाही. ‘शाळा अ श्रेणीत, मग आमचा पोरगा क मध्ये कसा?’ हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. पेपरात येतं ते राष्ट्रीय सर्वेक्षण दुसरं. ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचं झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. ते निवडक शाळांतल्या निवडक मुलांवरून राज्याचं आणि जिल्ह्याचं चित्र काढतं. त्यातून आपल्या शाळेला श्रेणी मिळत नाही. एवढं सांगून पुढे जा, आकड्यांत शिरलात की अर्धा तास गेला.

शाळेची श्रेणी मात्र सावकाश सांगा. २०१५ मध्ये शाळासिद्धी आली, म्हणजे शाळांच्या मूल्यांकनाचा देशपातळीवरचा कार्यक्रम. सात क्षेत्रं, सेहेचाळीस गाभामानकं (तपासायचे मुख्य मुद्दे), प्रत्येक मानकावर शाळा तीनपैकी कोणत्या स्तरावर ते ठरवायचं. पहिल्याच क्षेत्रात बारा मानकं आहेत: मैदान, वर्गखोल्या, वीज, ग्रंथालय, रॅम्प, स्वयंपाकघर, पिण्याचं पाणी, हात धुण्याची सोय, स्वच्छतागृह वगैरे. मुलांची प्रगती आणि संपादणूक या क्षेत्रात पाचच. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. बाकी काही समजलं नाही तरी चालेल, रंगरंगोटीने श्रेणी का हलते आणि वाचनाने का लगेच हलत नाही हे लोकांना आपोआप कळतं. अलीकडे महाराष्ट्रात स्क्वाफ आहे, म्हणजे शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखडा. त्यात १२८ मानकं, आणि मानकागणिक पुरावे, फोटो चढवायचे. गुरुजी मोबाईल घेऊन बागेचे फोटो का काढत होते, त्याचं उत्तर हेच.

आणि हे ठासून सांगा: दोन्हींत पहिले गुण शाळा स्वतःच स्वतःला देते. स्वयंमूल्यांकन. बाहेरचे निर्धारक येऊन पडताळतात ते बाह्यमूल्यांकन, ते वेगळं. आपल्या शाळेचं बाह्यमूल्यांकन झालंय का, कोणत्या वर्षी, हे मुख्याध्यापकांना विचारून श्रेणीशेजारी लिहून ठेवा. प्रवेशद्वारावर रंगवलेल्या श्रेणीखाली वर्ष नसेल तर ती कितीही जुनी असू शकते. स्वतःला दिलेले गुण खोटेच असतात असं मी म्हणत नाही. खूप शाळा प्रामाणिकपणे कमी स्तर लिहितात आणि वर बोलणी खातात. पण पालकाला माहीत हवं की हा आकडा कुणाच्या हातचा.

म्हणूनच शेरेबुक. तिथे बाहेरच्या माणसाचं अक्षर असतं, तारीख असते, सही असते. घरी नेता येत नसेल तर शाळेत बसून गेल्या दोन वर्षांचे शेरे वहीत उतरवून घ्या. चार रकाने करा: तारीख, कोण आलं, कोणत्या वर्गात बसले, काय सापडलं. ‘शाळेस भेट दिली. पट अमुक, उपस्थिती तमुक. परिपाठ समाधानकारक. आवश्यक सूचना दिल्या.’ असले शेरे भरपूर निघतील. ते बाजूला ठेवा, त्यांत काही नाही. ‘तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, सराव घ्यावा’ असा एखादा निघेल, तो सोन्याचा. मग पुढच्या भेटीत तोच शेरा पुन्हा आलाय का ते पाहा. एकदा आला तर अडचण, तीनदा आला तर कुणी लक्ष दिलेलं नाही. सविस्तर वार्षिक तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल आणि त्यातल्या सूचनांवर काय केलं हे सांगणारा, शाळेने पाठवलेला पूर्तता अहवाल, दोन्ही मागा. पूर्तता अहवालात ‘पूर्तता केली’ एवढंच असेल तर विचारा, काय केलं?

शेरेबुक न मिळाल्यास सभा पुढे ढकला. गंमत नाही. दुसऱ्या विषयावर घ्या, पोषण आहारावर घ्या, आहार चाखून नोंद करतात ते चव रजिस्टर वाचा. पण श्रेणीवर नुसतं तोंडी बोलू नका. लोक ऐकून घेतात आणि घरी जाऊन इंग्रजी शाळेच्या गाडीची फी विचारतात.

सभेच्या दिवशी क्रम उलटा ठेवा. आधी तीन-चार शेरे वाचा, मग श्रेणी सांगा. तिसरीच्या पोराला साठ शब्द मिनिटाला वाचता यावेत हे निपुण भारतचं, म्हणजे केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं, उद्दिष्ट सांगा आणि पालकांना घरी घड्याळ लावून पाहू द्या. सभेत कुणाच्या मुलाला उभं करून वाचायला लावू नका. अधिकारी बोलावू नका, आले तर भाषण पाच मिनिटं. प्रश्न कागदावर घ्या.

नंतर: प्रश्न समितीच्या पुढच्या बैठकीत, दोन निवडून शाळा विकास आराखड्यात. इतिवृत्तात ठराव, सूचक-अनुमोदकांची नावं, सह्या. केंद्रप्रमुखांना एक प्रत. शेरेबुक परत करा आणि परत केल्याचं मुख्याध्यापकांना सांगा, नाहीतर पुढच्या वेळी मिळणार नाही.