वरच्या मजल्यावरून खालचं फोल्डर

नागपूरच्या महाल भागातलं आमचं घर जुनं. खाली माझा डेस्कटॉप, वर वहिनींचा लॅपटॉप, आणि दोघं मिळून लग्नाचे अल्बम करतो. वर्षानुवर्षं पेनड्राइव्ह जिन्यानं चढत-उतरत होता. एका मे महिन्यात तो कूलरच्या टाकीत पडला. नशीब, कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं नव्हतं. त्याच दिवशी वायफायवरून फोल्डर शेअर करायला बसलो.

दोन्हीकडे विंडोज ११ आहे. जुने लेख 'होमग्रुप' (घरातली मशीन जोडायची विंडोजची जुनी सोय) बनवा म्हणतात. ते शोधत बसू नका, विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकलंय.

आधी दोन्ही मशीन एकाच वायफायवर घ्या. राउटरचं 'गेस्ट' वायफाय नको, त्यावरची मशीन बहुधा एकमेकांना दिसतच नाहीत. मग सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' करा. ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू ठेवा.

आता फोल्डर. मी आधी माझ्या मशीनच्या स्क्रीनवर समोर दिसणारंच शेअर केलं. वरून हाक आली, "भाऊजी, फोल्डर तर दिसून राहिलं, पण उघडत नाही."

"काऊन? पिन टाकला ना?"

"दोनदा टाकला."

इथं माझ्या दोन चुका होत्या. विंडोज उघडायचा चार आकडी पिन फक्त त्या मशीनसमोर बसून चालतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. माझा पासवर्ड वर द्यायचा नव्हता, म्हणून माझ्या डेस्कटॉपवर 'अल्बम' नावाचं वेगळं लोकल (फक्त त्याच मशीनपुरतं) खातं केलं, साधं, ॲडमिनचं नाही, आणि त्याला पासवर्ड ठेवला. तरी 'ॲक्सेस डिनाइड'च. कारण स्क्रीनवरचं फोल्डर माझ्या खात्याच्या आत असतं, तिथं दुसऱ्या साध्या खात्याला मज्जाव. फोल्डर डी ड्राइव्हवर नेलं.

तिथं त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग. 'शेअर धिस फोल्डर'वर टिक करा. परमिशन्समधून 'एव्हरीवन' काढा, 'अल्बम' घाला आणि 'चेंज' द्या. नुसतं 'रीड' ठेवलं तर फोटो दिसतील, सेव्ह होणार नाहीत. शेजारच्या सिक्युरिटी टॅबमध्येही त्या खात्याला 'मॉडिफाय' आहे ना, बघून घ्या. दोन्हीकडचे नियम लागतात आणि जो कडक तोच चालतो. पासवर्ड टाकायचा कंटाळा म्हणून 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करणारे बरेच आहेत. मी करत नाही. वायफायचा पासवर्ड आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ठाऊक आहे.

लॅपटॉपवर विंडोज आणि आर एकत्र दाबा, दोन उलट्या तिरप्या रेषा (\\) टाका आणि त्यांना चिकटूनच डेस्कटॉपचं नाव लिहा. नाव सेटिंग्जमध्ये, सिस्टिमच्या अबाउटमध्ये मिळतं. नावानं सापडलं नाही तर डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' चालवा आणि नावाच्या जागी आयपीव्ही४ चा पत्ता टाका. नाव-पासवर्ड विचारला की 'अल्बम'चा द्या. उघडलं की फोल्डरवर राइट क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह', अक्षर झेड. वहिनींना आता नुसतं झेड पुरतं.

मधेच गायब झालं तर आधी डेस्कटॉप झोपलाय का ते पाहा. मी त्याचा स्लीप बंदच केलाय.

वेगाचं मात्र जुन्या घरात अवघड आहे. जाड भिंतींमधून राउटरचं वेगवान ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वरच्या खोलीत पोचत नाही, २.४ वर आमच्याकडे सेकंदाला जेमतेम ५ एमबी मिळतात. म्हणजे २० जीबीच्या लग्नाला तासाहून जास्त. एकेक पान उघडून काम करायला चालतं, पण अख्खं लग्न वर न्यायचं असलं की वहिनी लॅपटॉप घेऊन खाली येतात आणि आम्ही दोन्ही मशीन केबलनं राउटरला जोडतो. राउटरचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे याहून कितीतरी वेगवान आहेत, चहा उकळेपर्यंत कॉपी होतं.